मदतनीसाचं निलंबन

त्या सोमवारी सकाळी नाश्त्याच्या पुट्टूचा पहिला घास तोंडात जायच्या आधीच देवस्या सरांनी जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या त्या एआय नावाच्या मदतनीसाला ते आजपासून कामावरून कमी करत आहेत.

"करा," अलेकुट्टी टीचर म्हणाल्या आणि त्यांनी एक केळं सोलून नवऱ्याच्या ताटलीत ठेवलं. (नवऱ्याची घोषणा ऐकताना हातातलं काम थांबवायचं नसतं, एवढं त्या संसारात शिकल्या होत्या.)

"तू कारण नाही विचारलंस."

"सांगणारच आहात ना, इच्चाया."

देवस्या सरांनी कारणं सांगितली. दोन होती, आणि दोन्ही त्यांनी बोटांवर मोजून सांगितली. एक, हा मदतनीस यंत्राची सगळी ताकद खातो. दोन, खाऊन गप्प बसत नाही, लुडबुड करतो.

सर पंचायत कचेरीत तेहतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. कचेरीत ते आले की नऊ माणसं उठून उभी राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना बघून उठायची ती फक्त कुरिंजी नावाची मांजर, आणि तीही अंग ताणायला. तेव्हा मान म्हणून त्यांच्यापाशी जे काही उरलं होतं ते एकाच जागी उरलं होतं: पुळक्करा घराण्याच्या कुटुंबयोगमचं सेक्रेटरीपद. वर्षातून एका रविवारी घराण्याच्या साती शाखांची दोनशे माणसं मांडवात जमत, गेलेल्यांसाठी प्रार्थना होई, सेक्रेटरी वर्षाचा अहवाल वाचे, आणि मग जेवणाला बदक आणि पाळप्पम. अहवालात कोण गेलं, कोण आलं, कुणाचं लग्न झालं, कुणाची पोरं काय शिकली, सगळं असे. गेल्या दहा वर्षांत देवस्या सरांच्या अहवालाने मांडवातल्या बायकांचे डोळे ओले केले होते, आणि अहवाल संपला की सगळा मांडव त्यांच्यासाठी उठून उभा राही. मीनच्चिल नदीच्या दोन्ही काठांवर त्यांच्या लेखणीचं नाव होतं. इट्टियविरा अप्पच्चन म्हणजे घराण्यातले सर्वांत थोरले, वय एक्याण्णव. ते अहवालाची छापील प्रत बायबलात घालून ठेवत.

येत्या रविवारी अकरावा अहवाल होता, आणि अहवालानंतर निवडणूक. यंदा प्रथमच समोर उमेदवार होता. सरांचा चुलतभाऊ कुरियन, पाला गावातला हार्डवेअरवाला, गेले दोन महिने दारोदार सांगत फिरत होता की अहवाल लिहायला आता माणूस कशाला लागतो, यंत्राला चार नावं सांगितली की ते लिहून देतं.

म्हणून सरांना या यंत्रातल्या मदतनीसाचा आधीपासूनच राग होता. आता कारणंही मिळाली.

पहिली दहा वर्षं सर अहवाल हाताने लिहायचे आणि टीचर त्याची सुवाच्य प्रत काढायच्या. (टीचर चौतीस वर्षं शाळेत मल्याळम शिकवत होत्या, त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. सरांचं अक्षर कचेरीतही फक्त सरांनाच लागायचं, आणि तेही त्याच दिवशी.) यंदा मात्र मुलाने, जिबिनने, आयर्लंडहून येताना आपला जुना लॅपटॉप वडलांना दिला होता. सरांनी तो बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या फोटोखालच्या टेबलावर मांडला आणि हट्टाने दोन बोटांनी टाइप करायला लागले. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मधल्या वेळात काळी कॉफी होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचा. आतला पंखा मिक्सरसारखा घुरघुरायचा. यंत्र इतकं तापायचं की कुरिंजी रोज त्याला पाठ लावून झोपायची.

"अप्पच्चा, ती एआयची फीचर्स बंद करा," रविवारी व्हिडिओवर जिबिन म्हणाला होता. "ती सगळी मागे चालू असतात. मेमरी तीच खातात. तुम्हाला लागतात का?"

"मला कुणाचीच मदत लागत नाही," सर म्हणाले होते.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अहवालाचा पहिला भाग टाइप केला, गेलेल्यांचा. त्यात पैलोबद्दल त्यांनी लिहिलं: "पैलो, वय चौऱ्याहत्तर. सदर इसम आयुष्यभर कामाच्या वेळी गैरहजर व जेवणाच्या वेळी हजर असे." वाक्य लिहून ते स्वतःवर खूश झाले. तेहतीस वर्षं ज्या हाताने शेरे मारले, तो हात अजून चालत होता.

सोमवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परत येऊन त्यांनी फाइल उघडली, तर तिथे लिहिलेलं होतं: "पैलोला आयुष्यात घाई कधी ठाऊक नव्हती. आणि त्याच्याशिवाय आपल्या कुठल्याही पंगतीला शोभा नव्हती."

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वाक्य तिथेच होतं.

"यंत्र माझे शब्द बदलतंय!" ते ओरडले.

टीचर स्वयंपाकघरातून नारळ खवता खवता म्हणाल्या, "वाचायला वाईट वाटतात का?"

"वाईट नाही गं, चांगले वाटतात! तेच तर म्हणतोय. माझे नाहीत!"

"मग असू द्या की."

असू द्यायला तो मदतनीस काय सरांचा जावई होता? पुट्टू संपवून सर टेबलाशी बसले. शेजारी एक कोरी वही घेतली, तिच्यावर कचेरीतल्या फाइलीसारखं "नस्ती क्रमांक एक" असं लिहिलं, आणि कामाला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी निळी चांदणी लुकलुकत असे. तिच्यावर टिचकी मारली की ती विचारायची, "आज मी तुमची काय मदत करू?" सेटिंगमध्ये, एकाखाली एक अशा चार खोल्या ओलांडून गेल्यावर, त्या चांदणीपुढची बरोबरची खूण सापडली. सरांनी ती काढली. यंत्राने विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?" सरांना होती. यंत्राने मग नम्रपणे विचारलं, "बंद करण्याचं कारण आम्हाला कळवाल का?" आणि खाली एक रिकामी चौकट दिली.

हेडक्लार्कला कधी रिकामी चौकट देऊ नये. सरांनी तिच्यात पाऊण तास लिहिलं. "आपण दिनांक अमुक रोजी वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय मयत पैलो यांच्या स्वभावात फेरफार केला, ही बाब गंभीर आहे," अशी सुरुवात होती आणि "तरी आपणांस तात्काळ निलंबित का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा," असा शेवट. यंत्राने उत्तर दिलं, "धन्यवाद! तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." सरांनी वहीत नोंद केली: खुलासा असमाधानकारक.

आणि खरं सांगायचं तर यंत्र सुधारलं. पंखा शांत झाला. पान भराभर सरकायला लागलं. कुरिंजीने पाठ लावून पाहिली, तिला ऊब मिळाली नाही, आणि ती नाराज होऊन गरम भाताच्या डब्यावर जाऊन झोपली. सरांनी विजयाने पैलोचं मूळ वाक्य पुन्हा टाइप केलं. संध्याकाळपर्यंत जन्मांचा, गेल्या वर्षीच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा भागही लिहिला. त्यात कुरियनच्या मुलाची नोंद होती: "टिन्स, इंजिनियरिंग, सहावा प्रयत्न. निकाल पूर्वीप्रमाणेच."

मंगळवारी मिस्साहून आल्यावर पैलोला पुन्हा घाई ठाऊक नव्हती, आणि टिन्सने "अजून जिद्द सोडलेली नव्हती."

सरांच्या लक्षात आलं की चांदणी ही नुसती पट्टेवाली होती. खरी मंडळी आत बसली होती. मग त्यांनी सरसकट कपात सुरू केली. टाइप करताना पुढचे शब्द करड्या अक्षरांत सुचवणारा एक होता, तो गेला. बोललेलं लिहून घेणारा एक होता. (सर मनाशी पुटपुटत टाइप करायचे, तेव्हा तो काय काय लिहून घेत असेल या विचाराने त्यांना घाम फुटला.) तो गेला. फोटोंना आपोआप नावं देणारा एक होता. त्याने इट्टियविरा अप्पच्चनच्या फोटोखाली "मोठा फणस, घराबाहेर" असं लिहून ठेवलं होतं. तो तर त्याच क्षणी गेला.

सर्वांत जिव्हारी लागला तो सारांश काढणारा. त्याला बंद करता करता सरांचं बोट चुकून त्याच्यावरच पडलं आणि त्याने सरांच्या अकरा पानांचा सारांश काढून दाखवला: "काही माणसं वारली, काही जन्मली, जेवण झालं."

"अकरा पानं!" सर टीचरना म्हणाले. "अकरा पानांचं एवढंच?"

"बंद केलात ना आता? झालं तर मग. मासे घेऊन या."

बुधवारी सकाळी शब्द पुन्हा बदललेले होते. शिवाय आदल्या दिवशी लिहिलेल्या लग्नांच्या भागात दोन विशेषणांची भरही पडलेली होती.

आता सरांनी मुळावरच घाव घातला. इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली आणि कपाटात कुलूपबंद केली. घरात हाहाकार झाला. टीचरचं रोज अकरा वाजता चंगनाश्शेरीच्या थोरल्या बहिणीशी, रोसम्माशी, व्हिडिओवर बोलणं असे, ते बंद पडलं. आयर्लंडची नात दिसेना. संध्याकाळी प्रार्थनामंडळाच्या बायका दोन तास निरोप पाठवत बसल्या आणि शेवटी टीचरना काय झालंय ते बघायला चौघीजणी फळं घेऊन दारात आल्या.

"कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

"लॅपटॉप," टीचर म्हणाल्या.

आणि गुरुवारी, वायर कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या बनियनच्या खिशात असताना, शब्द पुन्हा बदललेले!

आता मात्र सर घाबरले. वायर नसताना बाहेरून हे कसं आत येतं? त्यांनी देव्हाऱ्याखालची पवित्र पाण्याची बाटली आणली आणि कळफलकाला लागणार नाही अशा बेताने चार थेंब लांबून शिंपडले. मग लॅपटॉप पिशवीत घालून पालाला शाजीच्या दुकानात नेला. शाजी कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. त्याने अर्धा तास सगळं उघडून पाहिलं.

"सर, यात आता काहीच उरलेलं नाही," तो म्हणाला. "हा विजेवर चालणारा टाइपरायटर झालाय. झकास पळतोय बाकी."

"मग माझे शब्द बदलतं कोण?"

"घरात दुसरं कोण असतं?"

"कोणी नाही. मी आणि बायको."

शाजीने सरांकडे बघितलं. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन परत गेलं. (शाजीचंही लग्न झालेलं होतं.) "मग फाइलला पासवर्ड घाला," तो म्हणाला, आणि तो कसा घालायचा ते त्याने कागदावर लिहून दिलं.

शुक्रवारी सरांनी सगळी मूळ वाक्यं पुन्हा एकदा बसवली, शेवटचे दोन भाग पूर्ण केले आणि पासवर्ड घातला. तो निवडायला त्यांनी बराच विचार केला. कुणाला, अगदी यंत्रालाही, सुचणार नाही असा हवा होता. शेवटी त्यांनी बायकोचं नाव आणि पुढे लग्नाचं वर्ष घातलं. हेडक्लार्कच्या मनात असं काही हळवं असेल अशी शंका कुणाला येणार? टाइप करून झाल्यावर त्यांना आपल्याच कानशिलांत गरम झाल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी खोलीत कुणी नाही ना हे पाहून घेतलं.

शनिवारी मिस्साहून मासे घेऊन परत आले, तर टीचर टेबलाशी उभ्या होत्या आणि लॅपटॉप उघडा होता.

"काय करतेस?"

"धूळ पुसतेय."

"झाकण उघडून?"

"आतली पण पुसायला नको?" टीचर म्हणाल्या. मग जरा थांबून, मासे हातात घेत, अगदी सहज स्वरात, "इच्चाया, त्याचा पासवर्ड काय हो ठेवलात?"

"का?"

"असंच. म्हटलं लक्षात असावा. माणूस विसरतो."

"मी नाही विसरत. आणि ते गोपनीय आहे."

टीचर मासे घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. "मग एकदा मला वाचून तरी दाखवा. दर वर्षी माझ्या हाताखालून जातो अहवाल."

"उद्या ऐक ना, सगळ्यांबरोबर. या वर्षी ऐकशील ते शंभर टक्के माझं असेल."

"तेच म्हणतेय मी," टीचर म्हणाल्या. पण सर तोवर फाइल उघडून बसले होते. एकही शब्द बदललेला नव्हता! त्यांनी वहीत लिहिलं: प्रकरण निकाली.

रविवारी कुरियनच्याच अंगणात, रबराच्या झाडांना लागून मांडव घातला होता. प्रार्थना झाली. पुढच्या रांगेत मध्यभागी इट्टियविरा अप्पच्चन कानाच्या यंत्रासकट बसले. त्यांच्या एका बाजूला पैलोची विधवा त्रेस्याम्मा, रुमाल आधीच हातात घेऊन. तिच्या मागे यंदा लग्न झालेली घराण्यातली मुलगी जेस्सी आणि तिची आई. बाजूच्या खांबाला टेकून कुरियन उभा, घड्याळ बघत. पार मागे, जेवणाच्या टेबलांशी, अलेकुट्टी टीचर कॉफीचे पेले मांडत होत्या. आज त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती.

सर उभे राहिले. शांतता पसरली. या शांततेसाठी ते वर्षभर जगत असत. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"पैलो, वय चौऱ्याहत्तर. सदर इसम आयुष्यभर कामाच्या वेळी गैरहजर व जेवणाच्या वेळी हजर असे."

त्रेस्याम्माचा रुमाल डोळ्यांपर्यंत जाता जाता मध्येच थांबला.

सरांना तो भावनेने थांबल्यासारखा वाटला. ते पुढे गेले. "टिन्स, इंजिनियरिंग, सहावा प्रयत्न. निकाल पूर्वीप्रमाणेच." टिन्स कॉफीच्या टेबलामागे खाली बसला. "जेस्सीचा विवाह. वय लक्षात घेता विलंब झाला, तथापि एकदाचं जमलं." जेस्सीच्या आईने हातातला पंखा मिटला. सासरची चार माणसं जेस्सीकडे वळून तिचं वय मोजू लागली.

सर आता रंगात आले होते. त्यांना वाटलं, एवढं चित्त देऊन मांडवाने यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते खरंच होतं. "इट्टियविरा अप्पच्चन, वय एक्याण्णव. प्रकृती ठणठणीत. घरच्यांची खालावली आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"मागील वर्षीच्या भोजनातील बदक श्री. कुरियन यांजकडून पुरवण्यात आलं. सदर बदकाच्या वयाबाबत चौकशी प्रलंबित आहे."

"बस्स!" कुरियन खांब सोडून पुढे आला. "बस्स झालं, देवस्या! माझ्या अंगणात उभा राहून माझ्या बदकाला नावं ठेवतोस? माझ्या पोराला? मेलेल्या पैलोला?"

आणि मग सगळा मांडव एकदम बोलायला लागला. जेस्सीची आई रडत होती, जेस्सीचा सासरा "एकदाचं म्हणजे काय?" असं प्रत्येकाला विचारत होता. सर कागद हातात धरून उभे होते. त्यांना खरोखर कळत नव्हतं की काय बिघडलं. ज्या एकाच जागी माणसं त्यांच्यासाठी उठून उभी राहत, तिथे आज सगळी उठून उभी होती, पण ती भांडायला.

"ऐका! ऐकून घ्या!" ते ओरडले. "हे माझे स्वतःचे शब्द आहेत! भेसळ नाही! ते यंत्र माझ्या शब्दांत गोडवा घालत होतं. सगळं बेमालूम बदलत होतं. मी त्याला पकडलं, बंद केलं! कालपर्यंतचं गोड गोड ते यंत्राचं होतं, हे माझं आहे!"

गलका थांबला. कुरियन कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. तो हार्डवेअरवाला होता, खिळा कुठे बसत नाही हे त्याला लगेच कळे.

"यंत्र कधी आणलंस?" त्याने विचारलं.

"यंदा. मार्चमध्ये."

"मग आधीची दहा वर्षं कोण गोडवा घालत होतं?"

सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. दहा वर्षं अहवाल वाचताना मध्येच आपल्याच एखाद्या वाक्यापाशी आपण थबकायचो आणि मनात यायचं, "अरे, हे मी कधी लिहिलं?", ते त्यांना आठवलं. मोठ्या लेखकांचं असंच होत असावं, अशी त्यांनी तेव्हा समजूत करून घेतली होती.

दोनशे माणसांनी सावकाश माना मागे वळवल्या. अलेकुट्टी टीचर कॉफीचा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो पुसलेला होता, तरी पुन्हा पुसायला घेतला.

"टीचर?" त्रेस्याम्मा म्हणाली.

"सुवाच्य प्रत काढताना," टीचर हळूच म्हणाल्या, "एखादा शब्द इकडचा तिकडे होतो."

"काय म्हणाला तो माझ्याबद्दल?" इट्टियविरा अप्पच्चननी मोठ्याने विचारलं. त्यांच्या कानाच्या यंत्राने ऐन वेळी दगा दिला होता. कुणी सांगायला धजेना. शेवटी त्रेस्याम्माच त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "तुमची प्रकृती ठणठणीत आहे! घरच्यांची खालावली आहे!"

म्हातारबुवांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की कवळी सुटली आणि ती हातात धरूनच त्यांना बोलावं लागलं. "खरं आहे! माझ्या सुनेला विचारा! आणि ते बदकही म्हातारं होतं, माझ्याएवढं!"

मग त्रेस्याम्मा हसली. "आणि हे जेवायला खरंच कधी उशिरा नाही आले हो," ती म्हणाली, आणि हसता हसताच रुमाल डोळ्यांना लावला. ती हसली म्हटल्यावर कुणाला रागावून बसायला तोंड उरलं नाही. फक्त कुरियन बदकाच्या विषयावर अडून राहिला.

कवळी बसवून अप्पच्चननी निकाल दिला. "खरं वर्षातून एकदा ऐकलं, पुरे. रोज ऐकायचं तर माणसं एकत्र जेवणार नाहीत. पुढच्या वर्षीपासून सेक्रेटरी अलेकुट्टी टीचर. कोण विरुद्ध आहे?"

कुरियनने हात अर्धा वर केला, आजूबाजूला पाहिलं आणि त्याच हाताने डोकं खाजवलं. साती शाखांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सवयीने टाळ्यांना मान लववली आणि मग ध्यानात आल्यावर खाली बसले.

"थोडक्यात," अप्पच्चन म्हणाले, "काही गेले, काही आले. आता वाढा."

घरी आल्यावर सरांनी कपाट उघडून इंटरनेटची वायर बाहेर काढली, जागेवर लावली, आणि नस्ती क्रमांक एक टेबलावर टीचरपुढे सरकवली.

"माझं एवढं वाईट असतं?" त्यांनी विचारलं.

"वाईट कुठे? मला तर दर वर्षी हसू येतं तुमचं वाचून," टीचर म्हणाल्या. "पण त्याच माणसांत मला दुपारी जेवायला बसायचं असतं, इच्चाया. आणि तुम्हालाही. ती उठून उभी राहतात ना तुमच्यासाठी, ते मला बघायला आवडायचं."

सरांना वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं, आणि या दोन्हींची एकत्र नोंद कुठल्या रकान्यात करतात ते तेहतीस वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"तूच का नाही सांगितलंस, की मी बदलते म्हणून?"

"तुम्ही यंत्राला सात दिवसांची नोटीस दिलीत. मला किती दिवसांची दिली असती?" टीचर हसल्या आणि लॅपटॉपशी बसल्या. तो एका क्षणात उघडला, पंखा हूं की चूं नाही. "हे मात्र छान केलंत हां. काय पळतोय! आता सांगा पासवर्ड. त्रेस्याम्माला पैलोचं नीट लिहून द्यायचंय."

हीच वेळ होती. दिवसभरात जे गेलं ते सगळं यात थोडंफार भरून निघणार होतं. सर टेबलाशी आले, त्यांनी घसा साफ केला आणि पत्नीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझं नाव," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि पुढे आपल्या लग्नाचं वर्ष."

टीचरची बोटं कळफलकावर थांबली. सरांना वाटलं, डोळे भरून आले असतील.

"तेच तर मी काल तीन वेळा घालून पाहिलं," टीचर म्हणाल्या. "तुमच्या मनात दुसरं काय येणार, म्हटलं. पण ते दर वेळी चूक म्हणायचं. कुठलं साल घातलंत?"

"पंच्याऐंशी."

टीचरनी एक बोट वर केलं. टेबलाच्या बरोब्बर वर लग्नाचा फोटो होता, ज्याच्याखाली बसून सर मार्चपासून रोज टाइप करत होते. सरांनी चष्मा सारखा केला. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओवाल्याने पांढऱ्या शाईने ठळक लिहिलेलं होतं: १९८६.

"मग पंच्याऐंशी साली काय झालं होतं?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पंच्याऐंशी साली," टीचर टाइप करता करता म्हणाल्या, "तुम्ही आमच्या थोरल्या रोसम्माला बघायला आला होतात. तिने नाही म्हटलं होतं."